शोधाची यादी घरीच लिहावी

शाळांच्या हजेरीपटांना दीड महिन्याची विश्रांती मिळाली आणि मुंबई-पुण्याची चाकरमानी कुटुंबे मुलाबाळांसह आपापल्या गावी येऊन पोहोचली, म्हणजे पहिले तीन-चार दिवस आंबे, फणस आणि भेटीगाठी यांत सुखाने जातात. आणि त्यानंतर दुपारच्या वेळी ओटीवर विसावलेल्या वडील मंडळींच्या मुखातून ठरलेली तक्रार ऐकू येऊ लागते की, ही मुले गावाला येऊनही गावात नाहीत, कारण हातातल्या मोबाईलवरून त्यांची दृष्टीच उचलली जात नाही. ही तक्रार खोटी नाही. परंतु ती करणाऱ्यांना आदरपूर्वक असे विचारावेसे वाटते की, ज्या अंगणात, आगरात आणि पाखाडीवर मुलांनी रमावे अशी आपली इच्छा आहे, तेथे पाहण्याजोगे काय काय आहे हे आपण त्यांना कधी नावानिशी सांगितले आहे काय? बापाला वृक्ष ओळखता येतो, आजीला त्याचे औषध ठाऊक असते, आणि नातवाच्या लेखी ते नुसते एक झाड असते. तिसऱ्या पिढीत ज्ञानाची ही जी गळती होते तिला मोबाईल हे निमित्त झाले असले, तरी तिचे मूळ कारण आपले मौन हेच आहे. उपदेशाने हे मौन भरून निघत नाही. खेळाने मात्र निघू शकते, असा माझा विश्वास आहे, आणि म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक कुटुंबाने निदान एक सकाळ घराबाहेरच्या शोधाच्या खेळासाठी राखून ठेवावी, अशी सूचना मी करीत आहे.

खेळ साधा आहे. एक यादी करावयाची, घरातील मंडळींच्या टोळ्या पाडावयाच्या, हद्द आणि मुदत मुक्रर करावयाची, आणि यादीतील जिन्नस त्या हद्दीत व त्या मुदतीत जी टोळी अधिक संख्येने शोधून दाखवील तिची सरशी मानावयाची, एवढाच त्याचा मूळ कायदा. चिठ्ठीवरून चिठ्ठीकडे जात अखेर एका लपविलेल्या ठेव्यापाशी पोहोचण्याचा जो खेळ आपल्याकडे ट्रेझर हंट या नावाने शाळांच्या संमेलनांतून रूढ झाला आहे, त्याचा हा सख्खा भाऊ. फरक इतकाच की येथे ठेवा लपवावा लागत नाही, तो सृष्टीने आधीच जागोजाग मांडून ठेवलेला असतो, आणि लपविणाऱ्याच्या चातुर्यापेक्षा शोधणाऱ्याच्या निरीक्षणाला अधिक वाव राहतो. इंग्रजीत यास स्कॅव्हेंजर हंट म्हणतात. पॅरिस आणि न्यू यॉर्क येथील धनिकांच्या मेजवान्या रंगविण्यात ज्यांची हयात गेली त्या एल्सा मॅक्सवेल या अमेरिकन बाईंनी १९२० नंतरच्या दशकात हा खेळ श्रीमंतांच्या वर्तुळात लोकप्रिय केला. पुढे जागतिक मंदीच्या काळात, १९३६ मध्ये, 'माय मॅन गॉडफ्रे' नावाचा चित्रपट निघाला, त्याचा आरंभच या खेळाने होतो. त्यातील धनाढ्य खेळगडी यादी हाती घेऊन शहरभर धावत असतात, आणि त्या यादीत इतर वस्तूंच्या जोडीला एक 'विस्मृत मनुष्य', म्हणजे बेकारीने रस्त्यावर आलेला माणूस, हाही एक जिन्नस म्हणून नोंदलेला असतो. तेव्हा नदीकाठच्या उकिरड्यावर राहणाऱ्या एका गृहस्थाला मोटारीत बसवून झगमगत्या हॉटेलात आणले जाते. खेळाचे शील त्याच्या यादीवर अवलंबून असते, याचा याहून स्पष्ट दाखला मला दुसरा ठाऊक नाही. यादी हीन असेल तर खेळ हीन होतो, यादी थोर असेल तर तोच खेळ विद्येचे साधन बनतो.

माझे सारे म्हणणे या यादीपुरतेच आहे. अलीकडे हौशी आईबापांना असा खेळ मांडावयाचा असला म्हणजे ते तयार छापील यादी मिळवितात, आणि या याद्या बहुधा परदेशी ऋतूंच्या आणि परदेशी वनस्पतींच्या असतात. पाईनचे शंकूच्या आकाराचे फळ, ओकचे टोपीवाले फळ, मेपलचे पान असे जिन्नस त्यांत हमखास आढळतात. रत्नागिरीच्या सड्यावर किंवा नगरच्या माळावर मूल हे जिन्नस शोधू लागले, तर ते रिकाम्या हाताने परतणार हे उघडच आहे. परंतु त्याहून मोठी हानी अशी की, यादीत आहे ते आपल्याकडे नाही आणि आपल्याकडे आहे ते यादीत नाही, असा अनुभव वारंवार घेऊन आपला परिसरच दरिद्री आहे अशी त्या कोवळ्या मनाची समजूत होते. ज्या भूमीत एका मे महिन्यात आंबा, फणस, काजू, करवंद, जांभूळ आणि रातांबा अशी सहा फळे एकाच पाखाडीच्या दुतर्फा हाती लागतात, तेथील मुलाने स्वतःस दरिद्री समजावे हे मला सहन होत नाही.

म्हणून यादीचा मसुदा घरीच व्हावा आणि तो घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाने करावा. आजोबांना वही-पेन्सिल द्यावी, आजीला शेजारी बसवावे, आणि दोघांना एवढेच विचारावे की, तुमच्या लहानपणी या घराच्या चतुःसीमेत मे महिन्यात काय काय सापडत असे. एरवी अर्ध्या वाक्यात उत्तरे देणारी म्हातारी माणसे या एका प्रश्नावर किती बोलतात याचा अनुभव ज्याने त्याने घ्यावा. त्यांच्या सांगण्यातून निघणारी यादी कोणत्याही छापील कागदावर मिळणार नाही, कारण ती त्या एका घराची, त्या एका गावाची असते. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्यातील चैत्र-वैशाखाची प्रकरणे मसुदा करण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचली, तर वडील मंडळींची स्मृतीही अधिक सजग होईल.

कोकणातील एका घराची यादी कशी असावी हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण तो मुलूख माझ्या परिचयाचा आहे. आंब्यापासून आरंभ करू. कलमी हापुसाचे कौतुक घरोघरी असते. पण जुन्या आगरातील रायवळ आंब्यांच्या प्रत्येक झाडाला घराण्याने ठेवलेले स्वतंत्र नाव असते, कुठे शेंदऱ्या, कुठे साखऱ्या, कुठे ज्याच्या चिकाला शेपूचा वास येतो असा शेपू. यादीत 'आंबा' असे न लिहिता 'ज्या आंब्याला शेपूचा वास येतो त्याचे एक पान आणि एक पडलेले फळ' असे लिहावे, म्हणजे मुलाला चार झाडांखाली जाऊन नाक लावून पाहावे लागेल. फणसाच्या बाबतीत कापा आणि बरका यांची पाने पाहून भेद कळत नाही, तेव्हा दोहोंची एकेक आठळी मागवावी. गरा खाल्ल्याशिवाय ती मिळणार नाही आणि कडक गऱ्याचा कापा कोणता व लिबलिबीत गऱ्याचा बरका कोणता हे पुन्हा सांगावे लागणार नाही. करवंदांना कोकणातील मुलांनी फार पूर्वीपासून खेळात घेतलेले आहे: पिकलेले काळे करवंद दातांनी अर्धे तोडून आत लाल निघाले तर कोंबडा आणि फिके निघाले तर कोंबडी. पाच कोंबडे आणि पाच कोंबड्या आणून दाखवा, असा एक जिन्नस यादीत असलाच पाहिजे. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी मऊ डोळा कोणता, आणि अंकुर त्यातूनच का येतो, हा प्रश्न थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवावा. रातांब्याची साले मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात घातलेली असतात, त्या वाळवणापाशी जाऊन 'आजच्या सोलांचे हे कितवे ऊन' हे काकूला विचारून येणे, हाही एक जिन्नसच आहे. उत्तराबरोबर एखादे आंबट-खारट सोलही हातावर पडेल.

घराच्या भिंतीलगतचे जग तर अधिकच अद्भुत आहे आणि ते पाहण्यास गुडघ्यावर बसावे लागते. पडवीच्या कडेला, जेथे पावसाचे पाणी पोहोचत नाही अशा भुसभुशीत मातीत, नरसाळ्याच्या आकाराचे बोटभर रुंदीचे खड्डे असतात. त्यांच्या तळाशी मातीच्याच रंगाचा एक किडा दडलेला असतो. एखादी मुंगी काठावरून घसरली, की तो डोक्याने मातीचे कण उडवून तिला खाली पाडतो, आणि हाच किडा पुढे रूप पालटून चतुरासारखा लांब, जाळीदार पंखांचा नाजूक प्राणी होतो. कलमांच्या फांद्यांवर लाल मुंग्यांची, ज्यांना कोकणात ओंबील म्हणतात त्यांची, पानांची घरटी दिसतात. पाने एकमेकांस जोडण्यासाठी या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून विणकराच्या धोट्याप्रमाणे इकडून तिकडे फिरवितात, आणि अळीच्या मुखातून निघणाऱ्या रेशमी तंतूने पानांच्या कडा शिवल्या जातात. हे पाहण्यास फांदीपासून चार हात दूर उभे राहावे, कारण ओंबील चावला की दिवसभर आठवण राहते. 'शिवलेले घर शोधा आणि शिंप्याची सुई कोणती ते सांगा', एवढे लिहिले की मुलांची अर्धी सकाळ त्या एका झाडाखाली जाईल, जाऊ द्यावी. यादी संपविण्याची घाई मोठ्यांनाच असते.

यावरून ध्यानात येईल की, यादीतील प्रत्येक जिन्नस उचलून आणण्याचा असता कामा नये. मी यादीचे तीन भाग करावे असे सुचवितो. पहिला, उचलून आणावयाच्या वस्तूंचा, आणि त्यात केवळ गळून पडलेले, वाळलेले किंवा विपुल असलेलेच घ्यावे: बकुळीची खाली पडलेली फुले, काटेसावरीचा कापूस, शिरीषाची वाजणारी शेंग. दुसरा, पाहून किंवा ऐकून सांगावयाच्या गोष्टींचा. तांबटाचा टकटक ठोका किती वेळ अखंड चालतो, गाणारा कोकीळ नर की मादी, पावशा कोणत्या दिशेला 'पेरते व्हा' म्हणून ओरडला, हे काही पिशवीत भरून आणता येत नाही. तिसरा, माणसांना विचारून आणावयाच्या माहितीचा: गावातली सर्वांत जुनी विहीर कोणाची, गुरवाच्या घरी कोणते वाद्य टांगलेले आहे, सुताराच्या हत्यारांपैकी तीनांची नावे काय. हा तिसरा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तेथेच सर्वाधिक विवेक हवा. त्या चित्रपटातील धनिकांनी माणसाला जिन्नस मानले. आपल्या मुलांनी माणसापाशी पाहुण्यासारखे जावे, आपण कोणाची कोण हे सांगावे, वेळ आहे का असे विचारावे, आणि उत्तर मिळाल्यावर नमस्कार करून परतावे. घाईत असलेल्या माणसाला सतावून गुण मिळविणाऱ्या टोळीचे गुण कापावेत.

समुद्र जवळ असेल तर एक सकाळ किनाऱ्यासाठी राखावी, आणि तिचा मुहूर्त पंचांगावरून काढावा. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा आहे की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला चारांची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिच्या सुमारे सहा तास आधी, सकाळी नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. तेव्हा शुद्ध किंवा वद्य चतुर्थी-पंचमीची सकाळ या खेळास सर्वोत्तम, कारण आठ वाजता खेळ सुरू केला तर पाणी अजून मागे हटत असते आणि ओली वाळू उघडी पडत जाते. हा हिशेब आजोबांनी नातवंडांकडून करवून घ्यावा आणि मग प्रत्यक्ष किनाऱ्यावर काठी रोवून त्याची रुजुवात पाहावी. त्या ओल्या वाळूवर चण्याएवढ्या खेकड्यांनी केलेली नक्षी दिसते: मध्ये एक बारीक बीळ, आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या पसरलेल्या, मोहरीहून थोड्या मोठ्या वाळूच्या गोळ्यांच्या रांगा. खेकडा वाळू तोंडात घालून तिच्यातील अन्न तेवढे घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो; प्रत्येक भरती ती नक्षी पुसते आणि प्रत्येक ओहोटीला तो ती पुन्हा काढतो. यादीत लिहावे, 'एका बिळाभोवती गोळ्यांच्या किती रांगा ते मोजा, एकही गोळी न मोडता'. शंख उचलण्यापूर्वी तो रिकामा आहे ना हे पाहण्याचीही सक्त ताकीद द्यावी, कारण पुष्कळशा शंखांत एखाद्या खेकड्याने बिऱ्हाड केलेले असते आणि शंख नेला म्हणजे त्याचे छत्र गेले. रत्नागिरी जिल्ह्यातील ज्यांच्या गावच्या सड्यावर कातळशिल्पे आहेत, त्यांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे. जांभ्या दगडात कोरलेली ही प्राचीन चित्रे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदली गेली आहेत. तेथे चपला काढून कडेने चालावे, रेषांवर पाय देऊ नये, आणि प्राणी कोणता हे ओळखून कागदावर त्याचे रेखाटन करावे, इतकाच खेळ.

एक जिन्नस असा आहे की, तो साऱ्या महाराष्ट्रास समान असून प्रत्येक गावास त्याचा दिवस निराळा मिळतो. सूर्य उत्तरेकडे सरकत असता मे महिन्यात एका दिवशी मध्यान्ही तो आपल्या ठीक माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. कोल्हापूर-रत्नागिरीकडे हा दिवस पहिल्या आठवड्याच्या अखेरीस येतो, पुण्यास १३ मेच्या आसपास, मुंबईस १५-१६ मेच्या आसपास आणि नागपुरास २६ मेच्या सुमारास. पश्चिम महाराष्ट्रात ही वेळ घड्याळाच्या साडेबाराच्या थोडी पुढे असते. अंगणात एक लोटा उपडा ठेवावा आणि त्याची सावली हरवते तो क्षण मुलांनी पकडावा. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य परतताना हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आकाश ढगांनी झाकलेले असते. म्हणून हा जिन्नस मेमधील यादीचाच. भर दुपारी घराबाहेर पडण्याची मुभा या एका कामासाठी आणि तीही पाच मिनिटांपुरतीच असावी.

कारण उन्हाचा बंदोबस्त हा या योजनेतील सर्वांत गंभीर भाग आहे. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांना आणि मैदानी भागात ४० अंशांना पोहोचला, की हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करू लागते, आणि विदर्भात तर मे महिन्यात ४५ अंश हेही नवल राहिलेले नाही. तेव्हा खेळ सकाळी साडेसहाला सुरू करावा आणि नऊला तहकूब करावा. राहिलेले जिन्नस सायंकाळी पाचनंतर. चंद्रपूर-नागपूरकडे सकाळची मुदत आणखी अलीकडे ओढावी. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी किंवा पंचा असावा, पायांत चप्पल नव्हे तर बूट असावेत, आणि हद्दीच्या मधोमध एखाद्या झाडाच्या सावलीत माठ, पन्हे किंवा कोकम सरबत घेऊन घरातील एक मोठे माणूस अखेरपर्यंत बसलेले असावे. कोणत्याही टोळीने अर्ध्या तासात एकदा तेथे हजेरी लावून पाणी प्यायलेच पाहिजे, हा नियम यादीच्या शिरोभागी लिहावा. ज्याचे डोके दुखू लागले किंवा ज्याला मळमळले त्याने ताबडतोब सावलीत यावे, आणि त्याच्या टोळीचा त्यामुळे एकही गुण जाऊ नये. गुणांच्या लोभाने त्रास लपविण्याची बुद्धी मुलांना होता कामा नये.

दगड उलटण्यास पूर्ण मज्जाव असावा. जांभ्याच्या गडग्यांत आणि दगडांखाली फुरसे असते, लाल विंचू असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून विंचवाच्या दंशावरील उपचारात जे कार्य केले त्यामुळे असंख्य जीव वाचले आहेत. परंतु औषध उपलब्ध आहे म्हणून बेफिकीर राहावे असे कोणताही वैद्य सांगणार नाही, आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे व तेथवर नेण्यास वाहन कोणते, याची तजवीज आदल्या रात्रीच झालेली असावी. विहीर, नदीचा डोह आणि समुद्राचे पाणी हद्दीबाहेर समजावे आणि तेथे अपवाद नसावा. खाजकुइलीच्या शेंगा, बिब्बा, गुंज, कण्हेर आणि धोतरा ही पाच नावे मुलांना खेळाआधी प्रत्यक्ष दाखवून शिकवावीत. कोणतेही फळ वडील माणसास दाखविल्यावाचून तोंडात घालू नये. पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांना हात लावणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, आणि अभयारण्याच्या हद्दीतून वाळके पानही उचलून नेता येत नाही. हे मुलांना भीती घालण्यासाठी सांगावयाचे नाही. राज्याने मुक्या जिवांच्या वतीने लिहून ठेवलेली ही सनद आहे, असे सांगावे. मुलांना ते पटते.

टोळ्या पाडताना एक पथ्य पाळावे: एकाच घरातील, एकाच वयाची मुले एका टोळीत घालू नयेत. एक म्हातारे माणूस, एक तरुण, एक मधले मूल आणि एक चिमुकले, अशी मिसळ करावी. चिमुकल्याची नजर जमिनीजवळ असल्यामुळे त्याला किडा आधी दिसतो, मधल्या मुलाचे पाय चपळ असतात, तरुणाकडे यादी आणि घड्याळ राहते, आणि म्हाताऱ्या माणसाकडे नावे असतात. कोणत्याही टोळीला आजी-आजोबांची गरज भासेल अशी यादी असली पाहिजे. गावातील एखाद्या वृद्धास मोडी लिपी येत असेल तर एखादी ओळ मोडीत लिहून ठेवावी, म्हणजे सर्व टोळ्या त्यांच्या दाराशी धाव घेतील. मोबाईलचा उपयोग छायाचित्र काढण्यासाठी एका टोळीत एकालाच करू द्यावा; नावे मात्र माणसांकडूनच मिळवावीत.

ज्यांना गाव राहिलेले नाही, त्यांनी हा खेळ आपला नव्हे असे समजू नये. पुण्यातील टेकड्या, मुंबईतील राणीची बाग, आपल्या वसाहतीतील रस्त्यांच्या कडेची झाडे एवढी सामग्री पुरेशी आहे. राणीच्या बागेत शेकडो जातींचे वृक्ष आहेत, त्यांत आफ्रिकेहून आलेली गोरखचिंच आहे, आणि नागफणीखाली शिवलिंग असावे असे फूल धारण करणारा कैलासपती आहे. शहरात 'पाहुणे आणि यजमान' अशी यादी करावी: मादागास्करहून आलेला गुलमोहर, दक्षिण अमेरिकेतून आलेला पर्जन्यवृक्ष हे पाहुणे, बहावा, कडुनिंब आणि पळस हे यजमान. त्यातही ताम्हणाचे फूल अवश्य शोधावयास लावावे. ते महाराष्ट्राचे राज्यपुष्प असून, १ मे रोजी महाराष्ट्र दिनाचे झेंडे फडकत असतात त्याच सुमारास त्याच्या जांभळ्या तुऱ्यांना बहर येतो; तरीही ज्या रस्त्यावर तो फुललेला असतो त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्या किती सुशिक्षितांना त्याची ओळख असते, हे ज्याने त्याने आपल्या सोसायटीत विचारून पाहावे. देशावर सुगरणीची गेल्या वर्षीची रिकामी घरटी विहिरीवरच्या बाभळीला लोंबताना दिसतील, विदर्भात टेंभुर्णीची फळे आणि चारोळी मिळतील. यादी तेथील माणसांनी करावी.

बक्षिसाविषयी माझे मत निश्चित आहे. विकत आणलेली वस्तू देऊ नये. जिंकलेल्या टोळीला दुपारच्या पंगतीत पहिला आंबा निवडण्याचा मान द्यावा, आणि पुढील वर्षीच्या यादीत एक नवा जिन्नस घालण्याचा हक्क द्यावा. असा हक्क मिळालेले मूल वर्षभर काय घालावे याचा विचार करीत राहते आणि पुढच्या मे महिन्यात गावाला येण्यासाठी त्याची मनधरणी करावी लागत नाही. खेळानंतर सर्व जिन्नस ओटीवर मांडावेत, प्रत्येक टोळीने आपले सांगावे, वडिलांनी चुकलेली नावे सुधारावीत आणि मग सारे जेथून आणले तेथे परत टाकून द्यावे. यादी मात्र जपून ठेवावी, तिच्यावर सन आणि करणाऱ्याची सही घ्यावी. दहा वर्षांच्या याद्या एका दप्तरात राहिल्या तर कोणते झाड तुटले, कोणता पक्षी येईनासा झाला, कोणती विहीर आटली, याचा त्या घरापुरता विश्वसनीय इतिहास सिद्ध होईल.

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते. त्यानंतर करवंदे संपतात, वाळवणे आत जातात, पडवीतल्या कोरड्या मातीला ओल येते, मुले शहरात परततात, आणि यंदाची यादी करण्याची संधी संपते. तेव्हा हा लेख वाचून झाल्यावर घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या हाती आजच एक कोरा कागद द्यावा, आणि ते सांगतील ते सारे लिहून घ्यावे, ही माझी प्रत्येक घराला विनंती आहे.